अनुदान कोणास मिळालें?

सरकारी तिजोरींतला पैसा खऱ्या शेतकऱ्याच्या घरीं पोंचला कीं नाहीं, हें ओळखावें कसें? कचेरीच्या दप्तरांत नोंद असते; पण ती खरी कीं खोटी, हें गांवाइतकें कोणास ठाऊक नसतें. जमीन कोण कसतो आणि शहरांत नोकरी करून सातबाराच्या उताऱ्यापुरता शेतकरी कोण, हें गांवाला निराळें सांगावें लागत नाहीं. म्हणून अनुदान घेणारांची यादी चावडीवर लागणें ही एक प्रकारची हिशेबतपासणीच होय.

या प्रश्नाशीं अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याचा निकटचा संबंध आहे. पारनेर तालुक्यांतील राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे यांनीं २००३ सालीं मुंबईस आझाद मैदानावर उपोषण आरंभिलें, तेव्हां महाराष्ट्राच्या माहिती-अधिकार कायद्यास राष्ट्रपतींची संमति मिळाली. २००५ सालीं सबंध देशासाठीं कायदा झाला. अनुदानाच्या रकमा व त्या घेणारांचा तपशील सरकारी कचेऱ्यांनीं, कोणी मागण्याची वाट न पाहतां, आपण होऊन प्रसिद्ध करावा, असें त्याचें चौथें कलम सांगतें.

याच जिल्ह्यांत शिर्डी येथें २६ ऑक्टोबर २०२३ रोजीं नमो शेतकरी महासन्मान योजनेचा आरंभ झाला. २०१९ सालीं सुरू झालेल्या केंद्राच्या पीएम-किसान योजनेंत वर्षाला ६,००० रुपये ठरले होते. राज्यानें तितकीच भर घातली. केंद्राच्या योजनेंतून प्राप्तिकर भरणारे वगळलेले आहेत. तरीही २० लाख ४८ हजार अपात्र लोकांस १,३६४ कोटि रुपये गेले, आणि त्यांत निम्म्याहून अधिक प्राप्तिकर भरणारे होते, असें जानेवारी २०२१ मध्यें उघड झालें. ही माहिती केंद्रीय कृषिखात्यानेंच माहितीच्या अधिकाराखालीं दिली होती.

पण सामान्य शेतकऱ्याचा खाजगी व्यवहार चव्हाट्यावर कां आणावा, असा आक्षेप निघतो. तो पोकळ नाहीं. जर्मनींतील हेसे प्रांताच्या शेतकऱ्यांचें प्रकरण युरोपीय न्यायालयापुढें आलें, तेव्हां व्यक्तींचीं नांवें सरसकट छापणें प्रमाणाबाहेर आहे, असा निर्णय ९ नोव्हेंबर २०१० रोजीं झाला. पुढें मधला मार्ग निघाला: नांवें छापावीं, मात्र वर्षाला १,२५० युरोपर्यंतच घेणाऱ्या लहान शेतकऱ्याचें नांव झांकावें. आपल्याकडेही वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठीं २०२३ सालीं झालेल्या कायद्यानें माहिती-अधिकारांतील खाजगी माहितीचा अपवाद रुंद केला; चौथें कलम मात्र त्यानें बदललें नाहीं.

तेव्हां मर्यादा आंखणें कठीण नाहीं. नांव, गांव, योजना आणि रक्कम इतकें उघड असावें. बँकेचा व आधारचा क्रमांक झांकलेला असावा. पीएम-किसानची गांववार यादी इंटरनेटवर असते. पण यादी असणें निराळें आणि ती वाचली जाणें निराळें. ग्रामसभेंत ती मोठ्यानें वाचली गेली, तर अपात्राचें नांव लपत नाहीं. आणि ज्या गरीब विधवेचें वा लहान खातेदाराचें नांव गळलें असेल, त्यासही आपला हक्क मागण्यास आधार मिळतो.