अंगठ्याची साक्ष

भूल म्हणजे गाढ झोप, असा सर्वसाधारण समज आहे. पोटाच्या किंवा छातीच्या मोठ्या शस्त्रक्रियेत मात्र एवढ्याने भागत नाही. रुग्णाचे स्नायूही सैल पाडावे लागतात. त्यासाठीच्या औषधांचे मूळ दक्षिण अमेरिकेतील आदिवासी बाणाच्या टोकाला लावीत त्या कुरारे नामक विषात आहे. जानेवारी १९४२ मध्ये माँट्रिअल येथे हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी ते शस्त्रक्रियेच्या वेळी वापरले आणि भूलशास्त्राला नवे वळण मिळाले.

परंतु जे औषध पोटाचे स्नायू सैल करते, ते श्वासाच्या आणि घशाच्या स्नायूंनाही सोडीत नाही. १९५४ साली बीचर आणि टॉड यांनी अमेरिकेतील दहा रुग्णालयांतील सुमारे सहा लक्ष रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. ही औषधे दिलेल्या रुग्णांतील भूलजन्य मृत्यूंचे प्रमाण इतरांच्या जवळजवळ सहापट आढळले. त्या निष्कर्षावर पुष्कळ वाद झाला. तथापि औषधाचा अंमल खरोखर उतरला की नाही हे ओळखावयाचे कसे, हा प्रश्न त्यानंतर टाळता येण्याजोगा राहिला नाही.

रुग्णाला डोके उचलावयास किंवा हात घट्ट दाबावयास सांगणे ही जुनी रीत. अर्धवट शुद्धीतल्या माणसाकडून तिचे उत्तर भरवशाचे मिळत नाही. शिवाय काही अशक्तपणा शिल्लक असतानाही डोके उचलता येते. म्हणून मनगटाशी, करंगळीच्या बाजूने जाणाऱ्या मज्जातंतूला विजेचा सौम्य झटका देऊन अंगठा किती हलतो हे पाहण्याची पद्धत पुढे आली. १९७० मध्ये लिव्हरपूल येथील अली, अटिंग आणि ग्रे यांनी तिला सुटसुटीत रूप दिले: अर्ध्या अर्ध्या सेकंदाने चार झटके द्यावयाचे आणि चौथ्या हालचालीची पहिलीशी तुलना करावयाची. अंमल असेल तर हालचाल उत्तरोत्तर क्षीण होते. पहिली हालचाल हेच माप असल्याने औषध देण्यापूर्वीच्या नोंदीवाचून अडत नाही.

खरी मेख पुढेच आहे. हे गुणोत्तर ०.४ च्या वर गेले की अनुभवी भूलतज्ज्ञाच्याही डोळ्यांना वा बोटांना ही क्षीणता सहसा जाणवत नाही. पूर्वी ०.७ पुरेसे मानीत; आता निदान ०.९ हवे असे मानतात, कारण त्याखाली घशातील स्नायू दुबळे राहून अन्नरस वा लाळ श्वासमार्गात उतरण्याचे भय असते. म्हणजे धोक्याचा बराचसा टापू मानवी स्पर्शाच्या कक्षेबाहेर आहे. १९७९ साली डेन्मार्कमधील एका पाहणीत शस्त्रक्रियेनंतरच्या कक्षात आणलेल्या सुमारे चाळीस टक्के रुग्णांचे गुणोत्तर ०.७ देखील नव्हते. अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये आकडा दाखविणाऱ्या उपकरणाचीच शिफारस केली, ती याचसाठी.

उपकरणाला पैसा लागतो, ते लावण्यात वेळ जातो, आणि अंमल उतरविणारी नवी प्रभावी औषधे हाताशी आहेत, असे आक्षेप घेतले जातात. पहिले दोन खोटे नाहीत. परंतु औषध कितीही प्रभावी असो, ते पुरेसे लागू पडले की नाही हे मोजल्यावाचून कळत नाही. रक्तदाबाचा अंदाज केवळ नाडी चाचपून कोणी करीत नाही. मग श्वासाच्या बळाबाबतच अदमासावर का विसंबावे? नळी काढल्यावर गुदमरणाऱ्या रुग्णाला आपली अवस्था बोलूनही दाखविता येत नाही. त्याच्या वतीने त्याच्या अंगठ्याची साक्ष काढणे आणि ती आकड्यांत नोंदविणे, हे प्रत्येक शस्त्रक्रियागृहाचे कर्तव्य मानले पाहिजे.