तो प्यालेला नव्हता, त्याला ऊन लागले होते

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारी चारच्या सुमारास दवाखान्यासमोर एक टेम्पो थांबला आणि त्यातून तिघांनी एका विशीतल्या पोराला उतरवले. वीटभट्टीवरचा मजूर. कामाला लागून तीनच दिवस झाले होते. अंग घामाने चिंब, डोळे अर्धवट मिटलेले, तोंडाने असंबद्ध बडबड. ताप पाहिला तर 106 अंश! मुकादम म्हणाला, ‘‘साहेब, आम्हाला वाटलं टाकून आलाय. झोकांड्या खात होता, शिव्या देत होता. म्हणून झाडाखाली निजवून ठेवला.’’

या निजवून ठेवण्यात दीड तास गेला होता.

वाचकहो, आपल्या खानदेशाला ऊन नवे नाही. पारा 45 अंशांकडे गेला तरी आपण डोक्याला उपरणे गुंडाळून, खिशात कांदा टाकून बाहेर पडतो. (कांदा जेवणात खावा, खिशात ठेवून ताप उतरत नाही.) पण ऊन लागणे आणि उष्माघात यांत फरक आहे. चक्कर, मळमळ, डोकेदुखी, थकवा ही पहिली पायरी. सावली, पाणी, विश्रांती मिळाली की माणूस सावरतो. शरीराचे तापमान 104 अंशांपलीकडे जाऊन माणूस बरळू लागला, चालताना तोल जाऊ लागला, की तो उष्माघात समजावा. इथे मिनिटे मोजायची असतात.

‘‘घाम येतोय ना, मग उष्माघात कसला?’’ हा मुकादमाचा दुसरा प्रश्न. घाम बंद होऊन कातडी कोरडी पडते हे म्हाताऱ्या माणसांत अधिक दिसते. अंगमेहनत करणारा तरुण घामाने निथळत असतानाही उष्माघाताने कोसळतो. त्याच्या स्नायूंतच भट्टी पेटलेली असते.

शिवाय तो नवा होता. उन्हात कष्टाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. मग घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जाते. म्हणून नव्या गड्याला पहिल्या दिवशी पाचव्या हिश्शाएवढेच काम द्यावे आणि रोज थोडे वाढवावे. लांब सुट्टीवरून परतलेल्यालाही हाच नियम.

ऊन अंगावर असलेच पाहिजे असेही नाही. बेकरीतला कारागीर सावलीतच असतो, पण पोटऱ्यांत गोळे आले म्हणून रात्री माझ्याकडे येतो. घामातून मीठ गेलेले असते आणि वर नुसते पाणी ढोसलेले असते. धुळे-मालेगावकडच्या यंत्रमागांची तऱ्हा आणखी वेगळी. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून हवा दमट राहील असे पाहतात. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि न वाळलेला घाम अंग गार करीत नाही.

बायकांबद्दल तर लिहायला संकोच वाटतो, पण लिहितो. रस्त्याच्या कामावरच्या कित्येक बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत, कारण लघवीला जायला आडोसा नसतो. त्यांना ‘‘भरपूर पाणी प्या’’ असे सांगणारा मी डॉक्टर मूर्खच ठरतो! आधी आडोसा हवा, मग सल्ला. 250 पेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्याने उन्हाळ्यात पिण्याचे पाणी गार करून द्यावे, हे 1948 च्या कारखाने कायद्यातच लिहिले गेले. वीटभट्टीवर निदान माठ तरी असावा.

कामावर दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी घ्यावे. घाम फार जात असेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते प्यावे. ताक, पन्हे उत्तमच. रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी चालू असलेल्यांनी उन्हाळ्याआधी आपल्या डॉक्टरांना भेटावे.

आणि कोणी बरळू लागला तर? 108 ला फोन करा, पण गाडीची वाट पाहत बसू नका. सावलीत न्या, कपडे काढा, बादल्यांनी पाणी ओता, वारा घाला, काखेत, जांघेत व मानेवर बर्फ ठेवा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनळीत जाते. तापाच्या गोळीचा इथे उपयोग नाही.

त्या पोराला आम्ही ओट्यावरच पाण्याने भिजवले आणि मोठ्या रुग्णालयात पाठवले. लघवी काळ्या चहासारखी होत होती. स्नायू झिजून मूत्रपिंडे तुंबली होती. तीनदा डायलिसिस करावे लागले. तो वाचला, पण भट्टीवर परतला नाही.

यंदा मार्चअखेर तोच मुकादम पुन्हा आला. भट्टीवर ताडपत्रीचा मांडव घातला होता, दोन पिंप भरून ठेवली होती. विचारत होता, ‘‘साहेब, बर्फाची लादी आणून ठेवली तर टिकंल का हो?’’ मी म्हटले, ‘‘भुशात ठेवा, वरून गोणपाट टाका.’’