कमांड संपली, पण कशी संपली?

एकदा रात्री साडेनऊला मी लॅपटॉपवरचे सगळे फोटो बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करायला लावले. सकाळी लॅपटॉप फॉरमॅट करायचा होता. काम संपल्यावर कळावं म्हणून कमांडच्या पुढे दोन अँपरसँड (&&) टाकून सूचना देणारी कमांड जोडली. अकरा वाजले, बारा वाजले, सूचना नाही. म्हटलं, फोटो बरेच आहेत, चालू असेल अजून. झोपलो. सकाळी पाहतो तर डिस्क भरल्यामुळे कॉपी सुरुवातीच्या दहा मिनिटांतच बंद पडलेली!

चूक माझीच. && चा अर्थ असा, की आधीची कमांड यशस्वी झाली तरच पुढची चालव. कमांड फसली, म्हणून सूचना आलीच नाही, आणि त्या शांततेचा अर्थ मी ‘चालू आहे’ असा घेतला.

मग && च्या जागी अर्धविराम (;) टाकायचा का? त्याने पुढची कमांड कसंही झालं तरी चालते. पण सूचनेत नुसतं ‘झालं’ लिहिलं, तर फसलेल्या कामालाही ‘झालं’च येणार. हे तर जास्त घातक, कारण आपण खुशाल फॉरमॅट करून मोकळे होऊ.

म्हणून सूचनेत निकाल हवा. प्रत्येक कमांड संपताना एक आकडा मागे ठेवते: 0 म्हणजे ठीक, दुसरं काहीही म्हणजे गडबड. तो आकडा $? मध्ये असतो. लिनक्सच्या डेस्कटॉपवर असं लिहा (कमांड इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं):

मोठी कमांड; नोटिफाय-सेंड "संपलं: $?"

अवतरणचिन्हं दुहेरीच हवीत. एकेरीत आकडा न येता $? हीच चिन्हं छापली जातात. नोटिफाय-सेंड सापडत नसेल तर उबुंटूवर लिबनोटिफाय-बिन हे पॅकेज टाका. मॅकवर ही कमांड नसते, पण तिथली ‘से’ ही कमांड वाक्य चक्क मोठ्याने वाचून दाखवते. घरचे दचकतात, तेवढं सांभाळा.

आकडे वाचायची सवय लागली की बरंच कळतं. 127 म्हणजे कमांडच सापडली नाही, बहुधा स्पेलिंग चुकलं. 137 म्हणजे कुणीतरी प्रोग्रॅम जबरदस्तीने मारला. मेमरी कमी पडल्यावर हे काम बऱ्याचदा लिनक्स स्वतःच करतं.

आता एक छुपा खड्डा. डेटाबेसचा डंप काढून तो पाइपने (|) जीझिपकडे देणं ही नेहमीची पद्धत. पाइप असेल तेव्हा $? मध्ये फक्त शेवटच्या कमांडचा निकाल येतो. डंप अर्ध्यात फसला, पण जीझिपने मिळालं तेवढं नीट दाबून ठेवलं, की निकाल 0. सूचना हसतमुख, बॅकअप अर्धवट. त्यासाठी आधी ‘सेट -ओ पाइपफेल’ चालवायचं. मग मधली कुठलीही कमांड फसली तरी निकालात दिसतं. एवढी एक ओळ आजच्या भागातून घेऊन गेलात तरी पुरे.

कमांड आधीच सुरू केली आहे आणि सूचना जोडायची राहिली? कंट्रोल आणि झेड दाबा, ती थांबेल, मरणार नाही. मग ‘एफजी’ लिहून त्यापुढे अर्धविराम आणि सूचना. काम जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालू होतं.

दूरच्या सर्व्हरवर मात्र नोटिफाय-सेंडचा उपयोग नाही. सूचना त्या मशीनवर दाखवायचा प्रयत्न होतो, आणि तिथे ना स्क्रीन ना बघायला कुणी. इथे जुनी युक्ती चालते. आस्की तक्त्यात 7 क्रमांकाचं चिन्ह घंटेचं आहे. टेलिप्रिंटरच्या काळात ते आलं की यंत्रातली खरी घंटा वाजायची. हे चिन्ह साध्या अक्षरासारखंच एसएसएचमधून आपल्या टर्मिनलपर्यंत येतं आणि तिथे टिंग होतं. टर्मिनलच्या सेटिंगमध्ये आवाज बंद नाही ना, एवढं बघून घ्या. ‘टीपुट बेल’ लिहिलं की झालं. घंटा निकाल सांगत नाही, तो स्क्रीनवर बघायचा.

आणि कनेक्शन तुटलं तर काम अर्ध्यात मरू नये म्हणून ते टीमक्समध्ये लावा. चहाला बाहेर जाणार असाल तर सूचना फोनवर हवी. एनटीएफवाय नावाची मुक्त स्रोत सेवा आहे, तिच्या पत्त्यावर कर्लने एक ओळ पाठवली की फोनवरच्या ॲपमध्ये येते. त्यात आपण निवडलेलं विषयाचं नाव हाच एक प्रकारे पासवर्ड, कारण ते ज्याला माहीत त्याला सूचना वाचता येतात. तेव्हा ‘बॅकअप’ किंवा ‘टेस्ट’ असलं नाव नको, आणि सूचनेत क्लायंटचं नाव तर नकोच.