वटवाघळे पाहायचीत? मग मेची वाट पाहू नका

अमरावती/अकोला : वऱ्हाडात मोठी फलाहारी वटवाघळे पाहायची तर फेब्रुवारी-मार्च उत्तम. माद्यांना याच सुमारास पिल्ले होतात. एका मादीला एकच. पहिले काही आठवडे पिल्लू आईच्या पोटाला बिलगून असते. दुर्बिणीतून ते सहज दिसते. मेळघाटात मोहही याच दिवसांत फुलू लागतो. त्याचे परागीभवन करणाऱ्यांत फलाहारी वटवाघळे आघाडीवर.

वेळ? मार्चच्या सुरुवातीला सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो. त्यानंतर साधारण अर्ध्या तासात ती वड, पिंपळ, चिंचेवरून उडू लागतात. पंख पसरले की चार फूट, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनीही भागते.

मेमधली दुपार मात्र टाळाच. पारा ४२ अंशांपुढे गेला की ती उष्माघाताने मरू शकतात, आणि अकोल्याला ४५ अंश काही नवे नाहीत! त्या वेळी ती पंखांनी वारा घेतात, अंग चाटून ओले करतात. अशात खालून दगड मारला, फटाका फोडला तर भर उन्हात उडावे लागते. पिल्लू खाली पडलेले दिसले तर हात न लावता वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा.

वन्यजीव कायद्यात हा प्राणी उंदरांसोबत ‘उपद्रवी’ यादीत होता. २०२२च्या दुरुस्तीने ती यादीच गेली.