ब्रूडिंग म्हणजे नेमकं काय? खुडूक कोंबडीपासून कुढणाऱ्या मनापर्यंत

पनवेल तालुक्यातल्या एखाद्या पोल्ट्रीत 'ब्रूडिंग चालू आहे' असं ऐकलंत, तर तिथे अंडी उबवली जात आहेत असं समजू नका. हॅचरीतून आलेल्या एका दिवसाच्या पिल्लांना पहिले दोन-तीन आठवडे बल्ब किंवा गॅसच्या शेगडीखाली ऊब देतात, त्याला पोल्ट्रीवाले ब्रूडिंग म्हणतात. सुरुवातीला साधारण ३३ ते ३५ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी.

या इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ मात्र अंड्यांवर बसणं असाच आहे. त्यासाठी आपल्याकडे फार नेमका शब्द आहे: खुडूक. गावठी कोंबडी खुडूक झाली की अंडी घालणं थांबवते आणि खुराड्यातून हलत नाही. जवळ गेलं तर पिसं फुलवून चोच मारते. हे प्रोलॅक्टिन या संप्रेरकामुळे होतं. पोटाखालची पिसं विरळ होतात, म्हणजे अंगाची ऊब थेट अंड्यांना मिळते. २१ दिवस ती दिवसातून थोडाच वेळ चरायला उठते, वजनही घटतं.

गंमत म्हणजे खाली अंडी नसली तरी ती बसून राहते. घरच्या अंड्यांवर भाजी-मिठाचा खर्च काढणाऱ्या बाईला हे परवडत नाही. मग कुणी कोंबडीला पाण्यात बुडवतं, कुणी नाकात पीस खुपसतं. हा निव्वळ छळ आहे. खाली जाळी असलेल्या, हवेशीर पिंजऱ्यात दाणापाणी देऊन तीन-चार दिवस ठेवली की पोटाला गारवा लागतो आणि बहुधा खुडूक मोडते. लेगहॉर्नसारख्या जातींत ही सवय निवडपैदाशीने जवळपास गेली आहे. त्यांची अंडी उबवायला यंत्र किंवा दुसरी खुडूक कोंबडी लागते.

एकच दुःख मनात घेऊन बसणाऱ्या माणसालाही इंग्रजीत हाच शब्द लावतात. मराठीत आपण त्याला कुढणं म्हणतो. मानसशास्त्रात हा फरक महत्त्वाचा ठरला. ट्रेनर, गोन्झालेझ आणि नोलेन-होक्सेमा यांनी २००३ मध्ये मनातल्या रवंथाचे दोन प्रकार वेगळे केले. एक चिंतन: काय झालं, का झालं, आता काय करता येईल. दुसरं ब्रूडिंग: 'माझ्याच वाट्याला हे का?' चिंतन करणाऱ्यांनाही त्या वेळी उदास वाटत होतं, पण पुढे त्यांचं नैराश्य कमी दिसलं. कुढणाऱ्यांचं मात्र तेव्हाही जास्त होतं आणि नंतरही.

म्हणून 'फार विचार करू नकोस' हा घरोघरी मिळणारा सल्ला अर्धवटच. विचार कुठला, हे आधी पाहायला हवं. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन त्याच जागी अडकून असेल, झोप किंवा भूक गेली असेल, तर डॉक्टरांशी बोला. 'टेली-मानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.