बंद भट्टीतला चढता वक्र

तारापूरच्या अणुवीज केंद्राचं एखादं युनिट बंद पडलं की बोईसरमध्ये कुणीतरी विचारतंच, ‘लगेच परत चालू का करत नाहीत?’ तपासणी, दुरुस्ती ही कारणं असतातच. पण ती सोडली तरी एक कारण भट्टीच्या पोटात असतं, ते म्हणजे झेनॉन-१३५. मी इथे बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो. निम्म्या मुलांच्या घरी कुणी ना कुणी शिफ्टला जातं, त्यामुळे हा प्रश्न वर्गातही आला. उत्तर हलत्या आलेखानं द्यायचं ठरवलं आणि सायलॅब उघडलं.

सायलॅब मूळचं फ्रान्समधलं, वैज्ञानिक आकडेमोडीसाठीचं फुकट सॉफ्टवेअर. आपल्याकडे ते पोचवण्यात आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पाचा मोठा वाटा आहे.

भौतिकी थोडक्यात अशी. युरेनियम फुटताना आयोडीन-१३५ तयार होतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे ६.६ तास. त्यातून झेनॉन बनतं, त्याचं अर्धायुष्य सुमारे ९.१ तास. झेनॉन न्यूट्रॉनसाठी विलक्षण अधाशी. भट्टी चालू असते तेव्हा न्यूट्रॉन गिळूनच त्याचं रूपांतर होतं, म्हणून ते आटोक्यात राहतं. भट्टी बंद केली की गिळायला न्यूट्रॉन उरत नाहीत, पण साठलेलं आयोडीन झेनॉन बनवतच राहतं, आणि हे वाढलेलं झेनॉन न्यूट्रॉन गिळून भट्टी लगेच पुन्हा पेटू देत नाही. १९४४ साली अमेरिकेत हॅनफर्डची भट्टी सुरू होऊन काही तासांतच मंदावली होती, तीही याच झेनॉनमुळे.

दोन समीकरणं, दोन वक्र. आकडे पाठ्यपुस्तकातले घेतले, तारापूरचे नव्हेत. न्यूट्रॉनचा प्रवाह दर चौरस सेंटिमीटरला सेकंदाला १०चा चौदावा घात धरला, तर बंद केल्यापासून साधारण १० तासांनी झेनॉन मूळ पातळीच्या जवळजवळ साडेचारपट होतं. मूळ पातळीवर परत यायला ४२ तासांच्या आसपास लागतात.

आता हे हलवायचं कसं? नवखा माणूस दर पावलाला ‘प्लॉट’ नव्यानं लिहितो. चित्र हलतं, पण एकावर एक शेकडो रेघा साचत जातात आणि थोड्याच वेळात सगळं रांगायला लागतं. रीत अशी की रेघ एकदाच काढायची, तिचा दुवा हातात ठेवायचा आणि पुढे फक्त तिच्यातले आकडे बदलायचे. बदलाच्या आधी ‘ड्रॉलेटर’, म्हणजे पडद्याला थांब सांगायचं. सगळे बदल झाले की ‘ड्रॉनाउ’. ही जोडी नसेल तर आयोडीनची रेघ पुढे आणि झेनॉनची मागे असं अर्धवट चित्र लुकलुकतं.

खरी गोम अक्षांत आहे. दर चौकटीला (फ्रेमला) नवा ‘प्लॉट’ काढताना ते मोकळे सोडले तर सॉफ्टवेअर मापपट्टी नव्यानं बसवतं. मग वक्र जितका चढतो तितका अक्षही ताणला जातो, आणि साडेचारपट वाढ नजरेला सपाट दिसते. म्हणून हद्द आधीच ठरवून बांधून टाकायची: आडवी ४८ तास, उभी ५ पट.

वेळेचंही तसंच. मी दर १० मिनिटांना एक चौकट घेतली. ४८ तासांच्या २८८ चौकटी, सेकंदाला २५ या वेगानं साडेअकरा सेकंदांत संपतात. पावलं समान हवीतच. चढाच्या जागी दाट आणि उताराला विरळ घेतली तर शिखर खोट्या संथपणानं येतं. शिवाय चौकटींमधल्या विश्रांतीत चित्र काढायचा वेळ मिसळतो, त्यामुळे जुन्या लॅपटॉपवर तेच चित्र रेंगाळतं. चौकटी एकेक करून चित्र म्हणून साठवायच्या आणि नंतर दुसऱ्या साधनानं जोडायच्या, हे बरं. तासांचा आकडा मात्र कोपऱ्यात हवाच. त्याच्याशिवाय मुलं दहा तास म्हणजे दोन सेकंद असं समजून बसतात.

चित्र वर्गात दाखवलं. एक मुलगी म्हणाली, ‘सर, शेवटची चौकटच दाखवली असती तरी चाललं असतं.’ बरोबर होतं तिचं. एका वक्राची सगळी गोष्ट एका स्थिर आलेखात मावते, डोळा हवा तिथे थांबतो, मागे जातो. हलत्या चित्रात थांबायचं कुठे हे आपण ठरवतो, बघणारा नाही.

मग झेनॉनचीच दुसरी बाजू घेतली. तारापूरची १ आणि २ ही युनिटं १९६९ची, उकळत्या पाण्याची. ३ आणि ४ मात्र ५४० मेगावॅटची, जड पाण्याची. त्यांचा गाभा इतका मोठा, ३९२ नळ्यांचा, की एका बाजूला झेनॉन घटलं तर तिथली शक्ती वाढते. त्या वाढीतून आयोडीन साठतं, काही तासांनी तिथेच झेनॉन वाढतं आणि शक्ती दुसऱ्या बाजूला सरकते. आवर घातला नाही तर हा हेलकावा १५ ते ३० तासांच्या अंतरानं चालूच राहतो. त्यासाठी तिथे साध्या पाण्याचे १४ कप्पे असतात. पाणी न्यूट्रॉन शोषतं, म्हणून जिथे शक्ती चढते तिथल्या कप्प्यात पातळी वाढवतात.

मी गाभ्याचे दोनच अर्धे भाग धरले, एकूण शक्ती कायम ठेवली आणि दोन स्तंभ काढले. एक फुगतो तसा दुसरा बसतो, आणि प्रत्येकाच्या आतला झेनॉनचा पट्टा काही तास मागून येतो. कागदावर हे चार गुंतलेल्या रेघा होऊन बसतं. पडद्यावर पाहताच तो उशीर मुलांना दिसला.

आता वर्गात पहिला आलेख छापून वाटतो, हलता दाखवतो तो दुसराच.