प्रबंधाचे वेळापत्रक आणि द्राक्षाचा हंगाम

ऑक्टोबर छाटणी झाली की तासगाव, पलूस, मिरज भागातल्या द्राक्षबागांत फवारणीचा जोर सुरू होतो. ऐन दिवाळीत कोवळ्या फुटीवर केवडा येऊ नये, फुलकिडे बसू नयेत म्हणून बागायतदार ‘औषध मारत’ असतो. कीटकनाशकालाही इकडे औषधच म्हणतात. पदव्युत्तर शिक्षणासाठी परप्रांतातून आलेल्या निवासी डॉक्टराने ‘कुठलं औषध चालू आहे?’ असे विचारले, तर उत्तर रक्तदाबाच्या गोळीचे येईल की बागेतल्या डब्याचे, याचा नेम नाही.

या दोन जिल्ह्यांत वैद्यकाची परंपरा जुनी आहे. मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय सुरू केले. १९६२ साली तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले आणि १९८४ साली कराडला कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय. अशा महाविद्यालयांत एम.डी. करणाऱ्याला प्रबंध लिहावाच लागतो. विषय कसा ठरतो? बहुधा खाटेवरून. जो रुग्ण वॉर्डात येतो, तो प्रबंधात जातो. मधुमेह, गरोदरपणातला रक्तक्षय, थायरॉइड हे विषय म्हणूनच पुन्हा पुन्हा दिसतात.

कीटकनाशकही प्रबंधात येते, पण तेही खाटेवरूनच. रात्री-अपरात्री कुणीतरी ‘विष घेतलेला’ रुग्ण आणतात. बाहुल्या आकसलेल्या, तोंडाला फेस, छातीत घरघर. ॲट्रोपिन सुरू होते आणि रक्त कोलिनेस्टरेझच्या तपासणीला जाते. आपल्या मज्जातंतूंच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन नावाचा निरोप्या असतो. निरोप पोचला की त्याला तिथल्या तिथे मोडून टाकायचे काम कोलिनेस्टरेझ या विकराचे. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके हा विकरच निकामी करतात. मग निरोप थांबतच नाही. ग्रंथी स्रवत राहतात, स्नायू थरथरतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात.

पण विष न पिता, हंगामभर थोडे थोडे अंगावर घेणाऱ्याचे काय? तो खाटेवर येत नाही. डोके दुखते, मळमळते, डोळे चुरचुरतात. तो चहा घेतो आणि पुढच्या ओळीत शिरतो. याच माणसाकडे कराडच्या जीवरसायनशास्त्राच्या अभ्यासकांनी पाहिले. पश्चिम महाराष्ट्रातल्या द्राक्षबागांत फवारणी करणाऱ्यांच्या यकृत व मूत्रपिंडाच्या कार्यावरचा त्यांचा निबंध २००९ साली प्रसिद्ध झाला. फवारणी न करणाऱ्यांशी तुलना करता या मंडळींच्या रक्तातले कोलिनेस्टरेझ कमी आढळले. माझ्या मते, या भागातल्या संशोधनाला इथल्या मातीचा प्रश्न कसा सापडतो याचे हे उत्तम उदाहरण आहे.

मात्र अशी तुलना गटाची गोष्ट सांगते, एकट्या माणसाची नाही. निरोगी माणसांतही या विकराची पातळी बरीच वेगवेगळी असते. एखाद्याची मुळातच जास्त असेल, तर ती तिसऱ्या हिश्श्याने घसरूनही अहवालात ‘नॉर्मल’ दिसते. म्हणून ज्याची त्याची तुलना त्याच्याच आधीच्या आकड्याशी करावी लागते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९७४ पासून अशी कीटकनाशके हाताळणाऱ्या शेतमजुरांसाठी हेच बंधनकारक केले. हंगामाआधी रक्त घ्यायचे. पुढे पातळी मूळ आकड्याच्या ८० टक्क्यांखाली गेली की कामाची पद्धत तपासायची. तांबड्या पेशींतली ७० किंवा रक्तद्रवातली ६० टक्क्यांवर आली की त्या माणसाला फवारणीवरून काढायचे.

आपल्या विद्यार्थ्याची खरी अडचण इथे आहे. एम.डी.ची तीन वर्षे. विषय ठरून नैतिकता समितीची मंजुरी हाती येईपर्यंत बहुधा पहिला हंगाम निसटलेला असतो. शेवटचे काही महिने लिखाणाचे आणि परीक्षेचे. राहतो एखादा हंगाम, तोही वॉर्डातल्या ड्युट्या सांभाळून. द्राक्षाची काढणी झाल्यावर खरड छाटणीपर्यंत बाग विश्रांती घेते. मूळ आकड्यासाठी रक्त घ्यायला ही वेळ त्यातल्या त्यात बरी. त्यातही खोच आहे: रक्तद्रवातला विकर काही आठवड्यांत भरून येतो, पण तांबड्या पेशींतला नवी पेशी तयार होईल तेव्हाच, आणि पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे.

शिवाय ही चाचणी सगळे पकडत नाही. केवड्यासाठी मारले जाणारे मॅन्कोझेब किंवा किडींसाठीचे इमिडाक्लोप्रिड या विकराला फारसे हात लावत नाहीत. तेव्हा ‘कोलिनेस्टरेझ ठीक’ म्हणजे ‘माणूस ठीक’ असे नव्हे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली, तेव्हा काही दिवस हा विषय राज्यभर गाजला. द्राक्षपट्ट्यात तसा आकांत नाही, म्हणून तिकडे कॅमेरेही नाहीत.

युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचे नमुने प्रयोगशाळेत जातात. कीटकनाशकाचा अंश मर्यादेबाहेर निघाला तर माल अडतो. घडाची अशी नोंद ठेवता येते, तर घड पिकवणाऱ्याचीही ठेवता येईल. एका विद्यार्थ्याच्या आवाक्यातले हे काम नाही, पण एका विभागाच्या आहे. पहिल्या वर्षीच्या विद्यार्थ्याने विश्रांतीच्या काळात मूळ आकडा घ्यावा, त्याच बागांत, त्याच माणसांचे रक्त पुढच्याने फळछाटणीनंतर घ्यावे, तिसऱ्याने पुढच्या वर्षी. प्रबंध तीन होतील, नोंदवही एकच राहील. आणि रक्ताच्या नळ्या तासगावहून कराडला बर्फाच्या पेटीतून, तांबड्या पेशी न फुटता पोचवणारा एक विश्वासू माणूस लागेल.